शिडाच्या छोट्या नौकेवर कॉफी कशी करावी आणि तिची साधनं कशी सांभाळावी

नौकेसाठी कॉफीचं साधन निवडताना चवीचा विचार नंतर. आधी एक हिशेब करावा: कप हातात येईपर्यंत उकळतं पाणी किती वेळा ओतावं लागणार? ओतणं जितकं कमी, तितकं भाजण्याचं भय कमी.

या हिशेबात मोका पॉट, म्हणजे खालच्या भागातलं पाणी वाफेच्या दाबाने कॉफीतून वर चढवणारं भांडं, वरचढ ठरतं. त्यात पाणी थंडच भरायचं, ओतायची ती थेट तयार कॉफी. पण १९३३ साली इटलीत आलेलं हे भांडं स्थिर शेगडीसाठी बनलं आहे. बूड अरुंद, वरचा भाग जड. शेगडीवर त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे चिमटे नसतील, तर नौका चालू असताना ते चढवूच नये.

एरोप्रेस म्हणजे दट्ट्या दाबून कॉफी गाळायची नळी. हलकं, प्लास्टिकचं. फुटत नाही, गंजत नाही. दाबलेला चोथा एका धक्क्यात बाहेर पडतो, म्हणून धुवायला घोटभर पाणी पुरतं. अडचण एकच: दट्ट्या दाबताना अंगाचा भार कपावर येतो आणि नेमकी तेव्हाच नौका कलते. त्यामुळे ते नांगर टाकल्यावर वापरावं. उलटं धरून कॉफी मुरवायची पद्धत तर समुद्रावर नकोच. फ्रेंच प्रेस (जाळीच्या दट्ट्याने चोथा तळाशी दाबायचं भांडं) हवीच असेल तर स्टीलची घ्यावी. पण तिच्या जाळीतला चोथा काढायला बरंच गोडं पाणी जातं. समुद्र खवळलेला असेल तर सरळ इन्स्टंट कॉफी करावी. त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही.

माझी पसंती मात्र थर्मासला. निघण्याआधी, नौका शांत असतानाच पाणी उकळून त्यात भरून ठेवावं. तयार कॉफी तासन्‌तास थर्मासमध्ये राहिली की तिची चव उतरते, म्हणून नुसतं गरम पाणीच ठेवावं आणि कॉफीचा अर्क वेगळा करावा. १०० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी अर्धा लिटर थंड पाण्यात बारा तास भिजवायची, गाळायची आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत भरायची. चोथा बरंच पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हाती साधारण ३०० मिली अर्क येतो. कपात एक भाग अर्क, दोन भाग गरम पाणी. शीतपेटी नसेल तर अर्क त्याच दिवशी संपवावा.

चालत्या नौकेवर शेगडी पेटवायचीच असेल तर

आधी हवा येण्याची वाट मोकळी करावी. बंद केबिनमध्ये ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो आणि त्याला वास नसतो. एलपीजी हवेपेक्षा जड; गळला तर उडून न जाता नौकेच्या तळात, बिल्जमध्ये साचतो. म्हणून वापर झाल्यावर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यावी आणि मगच शेगडीची कळ बंद करावी. स्पिरिटच्या शेगडीची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. ती विझून पूर्ण गार झाल्याशिवाय इंधन भरू नये.

जिंबलवर, म्हणजे नौका कलली तरी शेगडी सपाट ठेवणाऱ्या झुलत्या टांगणीवर, टांगलेली शेगडी नौकेच्या डुलण्याबरोबर झुलती राहू द्यावी. केटली अर्धीच भरून चिमट्यात बसवावी, चोच नाळेकडे (नौकेच्या पुढच्या टोकाकडे) किंवा मागे सुकाणूकडे. नौका डाव्या-उजव्या अंगावर कलते, तेव्हा पाणी त्याच बाजूंना उसळतं. म्हणून शेगडीच्या अगदी समोर उभं न राहता जरा बाजूला राहावं. अंगात वॉटरप्रूफ पँट आणि पायात बूट हवेत, उकाडा असला तरी. नौका वळवण्याआधी हाक मार, असं सुकाणूवरच्याला सांगून ठेवावं. कप हातात धरून कधीही भरू नये. तो सिंकमध्ये ठेवावा आणि अर्धा-पाऊणच भरावा.

विजेच्या केटलीबद्दल थोडक्यात: अर्धा लिटर पाणी उकळायला वीज फार लागत नाही, १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ५ अँपिअर-तास. पण १००० वॉटची केटली इन्व्हर्टरमार्फत एका वेळी ९० अँपिअरच्या आसपास खेचते. बॅटरी आणि तारा तेवढ्या ताकदीच्या नसतील तर हा नाद सोडावा.

देखभाल

खरा शत्रू मीठ. भांडी समुद्राच्या पाण्याने खळखळून काढली तरी शेवटचा हात गोड्या पाण्याचा हवा. ॲल्युमिनियमच्या मोका पॉटला खारं पाणी लावूच नये. धुऊन, पुसून त्याचे भाग सुटे ठेवावेत. पाणी सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालीच राहील इतकं भरावं आणि तो मोकळा आहे ना, हे अधूनमधून पाहावं. रबरी रिंग कडक झाली की वाफ कडेने निसटते; जास्तीची रिंग जवळ असलेली बरी. एरोप्रेसचा दट्ट्या नळीत अर्धवट अडकवून ठेवला तर त्याचं रबर दबलेलंच राहतं. तो पूर्ण बाहेर काढून ठेवावा. ग्राइंडरची स्टीलची पाती ओली करू नयेत, कोरड्या ब्रशने झाडावीत. थर्मासला वास धरला तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून तासभर ठेवावा, आणि रिकामा थर्मास नेहमी झाकण काढून ठेवावा.

चोथा सिंकमध्ये गेला तर बारीक नळी तुंबते. त्याला झाकणाचा डबा वेगळा असावा.

शेगडीची ज्योत निळी हवी. पिवळी दिसू लागली तर बर्नरची भोकं मिठाने किंवा काजळीने बुजली आहेत का, ते आधी पाहावं. जिंबलच्या खिळ्यांना थोडं ग्रीस लावावं आणि ते खोबणीतून निसटत नाहीत ना, हे हाताने हलवून तपासावं. गॅसच्या नळीवर छापलेली तारीख उलटली की नळी वरून कितीही चांगली दिसली तरी बदलावी. नंतर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे आले तर गळती आहे. ती दुरुस्त होऊन तळातला गॅस निघून जाईपर्यंत नौकेवर काडी पेटवू नये आणि विजेचं एकही बटण दाबू नये.