मुस्तफावाल्या मशिनचा एम्युलेटर सोर्सपासून बांधायचा तर

परभणीत बसस्टँडजवळ टोकन टाकून व्हिडिओ गेम खेळलेल्या माणसाला 'मुस्तफा' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. कॅपकॉमनं १९९३ साली काढलेल्या त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. आमच्यात ते कुणाच्याच तोंडी नव्हतं, टोकन देणाऱ्या मालकाच्याही नाही. ती मशिनं भंगारात गेली. पण त्यांच्यातला प्रोसेसर, आवाजाची चिप, सगळं जसंच्या तसं वागवून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, मेम. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरनं त्याची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९७ मध्ये आणली. २०१६ पासून ते रीतसर ओपन सोर्स आहे.

नुसतं खेळायचंच असेल तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल मेम' करा आणि मोकळे व्हा. सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधायचं ते आत काय आहे हे बघण्यासाठी, किंवा जुन्या लॅपटॉपवर हवं तेवढंच ठेवण्यासाठी. माझ्या भाच्याला पहिलं कारण होतं. तो नांदेडला इंजिनिअरिंगला आहे आणि हे सगळं मी त्याच्याकडून फोनवरून करून घेतलं. म्हणून कमांडही फोनवर सांगितल्या तशाच, उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा. लॅपटॉपवर उबंटू लिनक्स आहे असं धरून चाललोय.

आधी लागणारी सामग्री:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल गिट बिल्ड-इसेन्शियल पायथॉन३ लिबएसडीएल२-डेव्ह लिबएसडीएल२-टीटीएफ-डेव्ह लिबफॉन्टकॉन्फिग-डेव्ह लिबपल्स-डेव्ह लिबएक्सआय-डेव्ह लिबएक्सिनेरामा-डेव्ह

शेवटचा 'डेव्ह' विसरला तर लायब्ररी असूनही कंपायलरला (कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्याला) तिच्या हेडर फाइली सापडत नाहीत. 'नो सच फाइल' असा एरर आला की आधी हेच तपासा.

मग सोर्स उतरवायचा. गिटहबवर मेमडेव्ह या खात्यात मेम नावाची रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं कोठार, आहे. ते 'गिट क्लोन'नं उतरवताना 'डॅश डॅश डेप्थ १' जोडायला विसरू नका. नाहीतर इतक्या वर्षांचा सगळा इतिहास उतरतो आणि मोबाइलचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो. शिवाय गिट क्लोन मध्येच तुटलं तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं. रेंजचा भरवसा नसलेल्या गावात रिलीजची सोर्स झिप 'डब्ल्यूगेट डॅश सी'नं उतरवावी. सर्व्हरनं साथ दिली तर ती तुटली तिथूनच पुढे चालू होते. फोल्डरच्या नावात स्पेस नको. भाच्यानं 'माझे गेम' असं फोल्डर केलं होतं, बांधणीची 'मेक' ही कमांड तिथंच अडखळली.

आता खरी गोष्ट. सगळे जण इथं नुसतं 'मेक' मारतात आणि फसतात. मेममध्ये हजारो मशिनं आहेत, ती सगळी बांधायला साध्या लॅपटॉपवर रात्र जाते. पहिल्या वेळी एकच मशीन बांधा. मी ग्रिडली घेतो (इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी दोन ई). १९८३ चा हा गेम बाजारात कधी आलाच नाही, पण त्याचे रॉम, म्हणजे मशिनच्या चिपमधला गेम उतरवलेल्या फाइली, मेमच्या अधिकृत साइटवर बिगरव्यावसायिक वापरासाठी मोफत ठेवले आहेत. मुस्तफाच्या रॉमवर आजही कॉपीराइट आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात नको.

ग्रिडलीचा कोड कुठल्या फाइलमध्ये आहे ते असं शोधा. सोर्समधल्या 'एसआरसी' फोल्डरात 'मेम', त्यात 'मेम डॉट एलएसटी' ही यादी. तिच्यात 'ग्रिडली' शोधा. त्याच्या वर ॲट-सोर्सनं सुरू होणाऱ्या ओळीत फाइलचा पत्ता असतो. कुठल्याही मशिनसाठी हीच युक्ती चालते. मग सोर्सच्या फोल्डरातून:

मेक सबटार्गेट=ग्रिड सोर्सेस=एसआरसी/मेम/(यादीतला पत्ता) यूज_क्यूटीडीबग=० रीजीनी=१ डॅश-जे ५

बरोबर-चिन्हाच्या डावीकडचे शब्द कॅपिटलमध्ये. क्यूटीडीबग शून्य केल्यानं क्यूटी या खिडक्या काढणाऱ्या लायब्ररीची भलीमोठी पॅकेजं टाकावी लागत नाहीत. फक्त डीबगरची खिडकी साधी मिळते. सोर्सेस किंवा दुसरा पर्याय बदलला की 'रीजीनी=१' द्यायचंच, नाहीतर तुमचा बदल विचारात न घेता जुनीच आखणी चालू राहते. 'जे'पुढचा आकडा म्हणजे प्रोसेसरचे कोअर अधिक एक. कोअर किती हे 'एनप्रॉक' सांगतं.

पण हा नियम रॅम पाहून पाळावा. भाच्याचा लॅपटॉप चार जीबीचा. त्यानं 'जे ९' दिलं आणि थोड्या वेळानं फोन आला: "मामा, ह्यानं तर जीवच सोडला." पडद्यावर 'किल्ड... सीसीवनप्लसप्लस' असं होतं. याचा अर्थ कोडमध्ये चूक नाही, रॅम संपली म्हणून लिनक्सनंच कंपायलर मारला. 'जे २' करून तीच कमांड पुन्हा द्या. झालेल्या फाइली परत होत नाहीत, पुढच्याच सुरू होतात.

लाइट गेली तरी असंच. फक्त त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते आणि शेवटी सगळ्या फाइली जोडताना (लिंक करताना) 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइझ्ड' अशी तक्रार येते. एररमध्ये जिचं नाव आलंय ती 'ओ' शेपटीची फाइल 'बिल्ड' फोल्डरातून पुसा आणि मेक पुन्हा चालवा. अख्खं 'बिल्ड' पुसायची गरज नाही, आणि आमच्याकडं दुपारी लाइट किती वेळा जाते ते बघता परवडायचंही नाही. मे महिन्यात लॅपटॉप गादीवर तर अजिबात ठेवू नका. खाली शहाबादी फरशीचे दोन तुकडे ठेवले की हवा खेळती राहते.

कंपायलर फार नवा असेल तर साध्या इशाऱ्यालाही एरर मानून थांबतो. तेव्हा कमांडला 'नोवेरर=१' जोडा.

काम संपलं की त्याच फोल्डरात नवी प्रोग्राम फाइल दिसेल. 'एलएस' करून नाव बघा. शेजारी 'रॉम्स' फोल्डर करून त्यात ग्रिडलीची झिप टाका, उघडू नका. प्रोग्रामच्या नावाआधी 'डॉट स्लॅश' आणि नावापुढं 'डॅश व्हेरिफायरॉम्स ग्रिडली' लिहिलं की रॉम बरोबर आहेत का ते कळतं. मग खेळायला तसंच डॉट स्लॅश लावून प्रोग्रामचं नाव, ग्रिडली आणि 'डॅश विंडो'.

कीबोर्डवर ५ दाबला की नाणं पडतं, १ दाबला की गेम सुरू होतो, टॅबवर मेनू येतो, एस्केपनं बाहेर पडता येतं. भाच्यानं पहिल्यांदा ५ दाबला, मग परत, मग परत, क्रेडिटचा आकडा वाढतच गेला. १ दाब म्हणून मला फोनवर ओरडून सांगावं लागलं.