⇌ की ↔? रिॲक्शनचे बाण नीट कसे वाचायचे

खानापूर, निपाणीकडची मराठी मीडियमची पोरं फर्स्ट पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी) आली की सगळं एकदम इंग्लिशमधनं सुरू होतंय, आणि त्यात इक्विलिब्रियमचा (समतोलाचा) धडा आला की बाणांचा घोळ ठरलेलाच. माझाही झालेला, मी पेपरात ⇌ च्या जागी सगळीकडं ↔ काढून आलो, गणितं बरोबर होती तरी मार्क गेले. म्हणून नीट सांगतो.

साधा → आपण दहावीपासनं काढतोय. मॅग्नेशियमची फीत जाळली, पांढरी राख झाली, आता ती राख परत फीत व्हायची नाही, विषय संपला.

आता ⇄, म्हणजे दोन आख्खे बाण. ह्याचा अर्थ एवढाच की रिॲक्शन दोन्हीकडं जाऊ शकते. मोरचूद बघा की, द्राक्षाच्या औषधात चुन्याबरोबर कालवतात ते निळं. लॅबमध्ये काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये त्याचे चार खडे घालून हळूहळू तापवा (विषारी असतंय, हात धुवा), निळा रंग उडून पांढरी भुकटी होते आणि नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. भुकटी गार झाल्यावर वर एक थेंब पाणी टाका, परत निळी. गेलं आणि आलं, पण दोन वेगवेगळ्या वेळी.

⇌ म्हणजे अर्ध्या टोकांचे बाण, हाच इक्विलिब्रियमचा बाण, आणि खरी गोष्ट इथं आहे. इथं जाणं आणि येणं एकाच वेळी, सारख्याच वेगानं चालू असतंय, त्यामुळं बाहेरनं बघितलं तर सगळं थांबल्यासारखं वाटतंय पण आत काहीच थांबलेलं नसतंय. वेग सारखा म्हणजे दोन्हीकडचा माल सारखा असं मात्र अजिबात नाही, ही चूक दरवर्षी बघतो. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासनं अमोनिया करताना साधारण ४५० डिग्री आणि २०० ॲटमॉस्फिअर दाब ठेवला तरी सगळा गॅस काही अमोनिया होत नाही, म्हणून तिथं ⇌ च लागतो.

बाण कुठला काढायचा हे भांड्यावर पण ठरतंय हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत उसाचा रस साफ करायला चुना वापरतात ना, तो चुनखडी ९०० डिग्रीच्या आसपास भाजून मिळतो. भट्टी उघडी, कार्बन डायऑक्साइड धुराड्यातनं निघून जातो, परत यायला कोण उरतच नाही, म्हणून तिथं → चालतो. तीच चुनखडी घट्ट बंद भांड्यात तेवढीच तापवली तर गॅस आतच राहतो, चुन्याला परत चिकटतो, आणि बाण ⇌ होतो. रिॲक्शन एकच, बाण दोन. गोटी सोड्याचं पण तसंच, गोटी वर घट्ट बसलीय तोवर गॅस पाण्यात विरघळतोय आणि परत बाहेर येतोय, म्हणून ⇌, गोटी आत ढकलली की गेला गॅस.

कधीकधी ⇌ मधला एक बाण लांब आणि एक आखूड दिसेल. लांब बाण जिकडं, तिकडं माल जास्त. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड पाण्यात ०.१ मोलर असेल तर शंभरातला एखादाच रेणू तुटतो, म्हणून डावीकडं येणारा बाण लांब काढायचा.

राहिला ↔, एकच रेघ आणि दोन्हीकडं टोकं. ही रिॲक्शनच नव्हे. बेंझीनची दोन चित्रं काढतो ना आपण, डबल बॉन्ड इकडचे तिकडं, त्यांच्या मध्ये हा येतो. खरं बेंझीन ह्या चित्रातनं त्या चित्रात उड्या मारत नसतंय, ते दोन्हींच्या मधलं असं एकच असतंय. ओळखायचं असं: दोन्ही बाजूंना अणू जागच्या जागी आणि फक्त इलेक्ट्रॉन हललेत, तर ↔. एक जरी अणू जागचा हलला असेल तर ↔ काढायचा नाही.

हातानं ⇌ काढताना वरची रेघ डावीकडनं उजवीकडं ओढा आणि टोकाला फक्त वरच्या अंगाला तिरकी काडी द्या, मग खालची रेघ उजवीकडनं डावीकडं, काडी फक्त खालच्या अंगाला. घाईत दोन्ही काड्या आतल्या बाजूला येतात, आधी वहीत वीसेक वेळा काढून हात बसवा.