डास औषधाला दाद देत नसतील, तर मच्छरदाणी कशी वापरावी

पावसाचा जोर ओसरला की आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे भाताच्या खाचरांत पाणी साचून राहतं. खाली रायबाग-अथणीकडे कालव्याच्या कडेला आणि उसाच्या सऱ्यांत ओल हटत नाही. डासांना एवढं पुरतं. मग घरोघरी एक प्रश्न ऐकू येतो: सरकारी दवाखान्यातून औषधाची मच्छरदाणी आणली, पण डास तिच्यावर बसतो आणि उडून जातो, मरत काही नाही. मग ती लावायची कशाला?

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की लावायचीच, आणि आधीपेक्षा जास्त जपून लावायची. डास औषधाला दाद देत नसला तरी जाळीतून आरपार जाऊ शकत नाही. मात्र औषध कमी पडतं तेव्हा प्रत्येक भोक आणि प्रत्येक सैल टोक महागात पडतं. म्हणून हे सगळं नीट सांगतो.

आधी समजून घ्या, औषध का चालेनासं होतं

बऱ्याच जणांना वाटतं की माणसाला दारूची सवय होते तशी डासाला औषधाची होते. तसं होत नाही. हजारो डासांत काही मोजके जन्मतःच वेगळे असतात. कुणाच्या मज्जातंतूंवर औषध जिथे पकड घेतं ती जागाच बदललेली असते, तर कुणाच्या अंगातली विकरं (एन्झाइम) औषध मोडून टाकतात. फवारणी झाली की बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढची पिल्लावळ यांचीच होते. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत एक-दोन आठवडेच लागतात, त्यामुळे एका हंगामातही बरंच काही बदलतं.

आपल्या भागाचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. 1946 च्या सुमारास, बेळगाव मुंबई प्रांतात होतं तेव्हा, शेजारच्या कारवार-धारवाड पट्ट्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घराघरांत डीडीटी फवारून हिवताप आटोक्यात आणण्याचं मोठं काम उभं केलं होतं. त्याचा गुण आला आणि देशभर तोच मार्ग धरला गेला. पण 1950 चं दशक संपता संपता डीडीटीला न जुमानणारे डास देशात सापडू लागले. पुढे मॅलॅथिऑनचंही तेच झालं. आता मच्छरदाणीवरच्या पायरेथ्रॉइड औषधांवर पाळी आली आहे. खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीस. देशातल्या अनेक जिल्ह्यांत त्याने एकापेक्षा जास्त औषधांना दाद देणं सोडलं आहे.

मच्छरदाणी घेताना लेबल वाचा

आठवडी बाजारात मिळते ती बहुतेक साधी जाळी असते, औषधाविना. ती टाकाऊ नाही. धड असेल आणि नीट खोचली तर चांगलं संरक्षण देते. दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून मिळते ती दीर्घकाळ टिकणारी, धाग्यातच औषध मुरवलेली. तिच्या कडेला शिवलेली पट्टी कापून टाकू नका. डेल्टामेथ्रिन, अल्फा-सायपरमेथ्रिन किंवा पर्मेथ्रिन एवढंच लिहिलेलं असेल, तर ती एकाच औषधाची आहे; ही तिन्ही पायरेथ्रॉइड गटातली.

दुसरा प्रकार पीबीओ (पिपेरोनिल ब्युटॉक्साइड) घातलेल्या जाळीचा. पीबीओ स्वतः डास मारत नाही, पण औषध मोडून टाकणाऱ्या डासाच्या विकरांना अडवतं, म्हणून जुनं औषध पुन्हा लागू पडतं. तिसऱ्या प्रकारात पायरेथ्रॉइडच्या जोडीला क्लोरफेनापिर असतं. ते मज्जातंतूंवर नाही, तर डासाच्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतं, त्यामुळे डास लगेच पडत नाही, नंतर मरतो. जिथे डास पायरेथ्रॉइडला जुमानत नाहीत तिथे ही जाळी वापरावी, अशी ठाम शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2023 मध्ये केली. डास उशिरा मरतो, म्हणून या जाळीवर बसलेला डास उडून गेला म्हणजे औषध वाया गेलं असं समजू नका.

कोणती जाळी द्यायची हे आरोग्य खातं ठरवतं, पण ग्रामसभेत विचारायला कुणाची आडकाठी नाही. पत्रक कन्नडमध्ये असेल तर आशाताईंना वाचून दाखवायला सांगा. न समजलेला कागद घडी करून फळीवर ठेवू नका.

वापरायच्या आधी वारा द्या

औषधाची नवी जाळी पिशवीतून काढली की लगेच पलंगावर लावू नका. सावलीत, पडवीत दोरीवर एक दिवस-रात्र पसरून ठेवा. नाहीतर पहिल्या रात्री गालाला चुणचुणतं, डोळे झोंबतात, आणि घरातलं मूल पुन्हा जाळीखाली झोपायला तयार होत नाही.

टांगणं आणि खोचणं

सगळं इथेच ठरतं. चार कोपऱ्यांच्या दोऱ्या सारख्या उंचीवर बांधा. छत मधोमध पोटासारखं लोंबलं, तर झोपेत हात किंवा पाय तिथे टेकतो आणि डास बाहेरूनच जाळीच्या छिद्रातून सोंड घालतो. गुडघा, कोपर, टाच यांना रात्री हेच चावे बसतात. औषध लागू पडत होतं तेव्हा असा डास चावायच्या आत गळून पडे. आता त्याचा भरवसा नाही. म्हणून अंगाला जाळी टेकणार नाही एवढी ऐसपैस जाळी घ्या. दोघांच्या जाळीत चौघं झोपले की कडेचे दोघे उघडेच पडतात.

कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचा. जमिनीवर अंथरूण असेल तर चटईखाली वळवून घ्या. खोचणं रात्री झोपायच्या वेळी नको, दिवेलागणीच्या आधी करा. नाहीतर दिवसा खोलीत दडलेला डास आत कोंडला जातो आणि रात्रभर तुमच्याबरोबरच राहतो. खोचून झाल्यावर टॉर्च लावून आत एकदा कोपरे बघा. आत-बाहेर करताना जाळी वर फेकू नका; एकच टोक उचला, आत या आणि तेच टोक पुन्हा दाबा.

तान्हं बाळ, गरोदर बाई आणि नुकताच ताप येऊन गेलेलं माणूस यांना आधी जाळी द्या. घरात एकच असेल तर ती कर्त्या पुरुषाच्या पलंगावर जाते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. ते बदलायला हवं.

भोकं शोधा आणि शिवा

महिन्यातून एकदा जाळी दारात उन्हाकडे धरा. बोट जाईल एवढं भोक त्याच दिवशी शिवा. सुई-दोऱ्याने कडा आवळून घ्या. मूठ जाईल एवढं असेल तर जुन्या जाळीचा तुकडा लावून चारी बाजूंनी टाके घाला. भोकं बहुतेक खालच्या कडेला, खाटेच्या खिळ्यापाशी किंवा उंदराने कुरतडल्याने पडतात. खिळ्यावर आधी चिंधी गुंडाळा. जाळीजवळ रॉकेलची चिमणी, उदबत्ती, विडी नको.

धुणं

जाळी तीन महिन्यांतून एकदाच्या वर धुवू नका. धाग्यातलं औषध साधारण 20 धुण्यांपर्यंत टिकावं आणि जाळी तीन वर्षं चालावी, या हिशेबाने ती बनवलेली असते. थंड पाणी, साधा साबण, हाताने हलकं चोळणं, बस. दगडावर आपटायची नाही, गरम पाण्यात भिजवायची नाही, ब्लीच लावायचं नाही. उन्हात नव्हे, सावलीत वाळवा. आणि मलप्रभेच्या, घटप्रभेच्या पात्रात किंवा ओढ्यात ती धुवू नका, कारण हे औषध माशांना फार विषारी आहे. बादलीत धुवा आणि ते पाणी ओढ्यापासून आणि विहिरीपासून लांब, कोरड्या जमिनीत ओता.

शेतीचं औषध जाळीला लावू नका

यावर जरा थांबतो, कारण हा प्रकार जिवावर बेततो. औषध चालत नाही म्हणून कृषी सेवा केंद्रातून बाटली आणून जाळी त्यात बुडवणारे लोक आहेत. शेतीच्या औषधातले विद्रावक आणि प्रमाण पिकासाठी असतात, झोपलेल्या मुलाच्या नाकाजवळ ठेवण्यासाठी नाहीत. शिवाय भाजीवर, कापसावर मारलं जाणारं सायपरमेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन, घरातली बरीचशी कॉइल आणि लिक्विड हे सगळं जाळीवरच्या औषधाच्याच कुळातलं आहे. शिवारात ते सारखं मारलं की खाचरातल्या आणि पाटातल्या डासांच्या अळ्यांनाही त्याचा थोडा थोडा डोस मिळत राहतो, आणि दाद न देणारेच निवडून मागे उरतात. म्हणून कीड नुकसानीच्या पातळीला गेल्याशिवाय फवारू नका, सलग एकाच गटाचं औषध मारू नका, आणि रिकामा डबा पाटात धुवू नका.

आरोग्य खात्याची माणसं घरात फवारायला आली तर सोप्यापासून देवघरापर्यंत आतल्या खोल्याही उघडून द्या. फवारणीनंतर भिंती लगेच शेणाने सारवू नका, चुना देऊ नका. चावल्यानंतर डास भिंतीवरच विसावतो.

अळी ओळखा

पांढरी वाटी किंवा पळी घेऊन खाचराच्या कोपऱ्यातलं, टाकीतलं थोडं पाणी उपसा. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या दिसल्या तर त्या हिवतापाच्या डासाच्या. डोकं खाली करून तिरक्या लोंबत असतील तर त्या दुसऱ्या डासांच्या. मोठा डासही असाच ओळखता येतो: हिवतापाचा डास बसताना शेपटाकडचा भाग वर उचलून तिरका बसतो.

बेळगाव शहरात आणि निपाणीसारख्या गावांत छतावरच्या टाक्या, बांधकामावरचे हौद आणि न वापरलेल्या विहिरी हे अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सीचं घर. टाकीचं झाकण घट्ट बसवा, आठवड्यातून एक दिवस भांडी आणि हौद रिकामे करून घासून वाळवा. विहिरीत गप्पी मासे सोडता येतात, पण नदी-ओढ्यात सोडू नका. तिथल्या मूळच्या माशांना ते त्रास देतात. डोंगराकडे, वाहत्या झऱ्यांच्या कडेला अ‍ॅनोफिलिस फ्लुव्हिएटिलिस वाढतो. तिथे पाणी उपसून भागत नाही. जाळी आणि अंगभर कपडे हाच आधार.

घराबाहेर झोपणाऱ्यांसाठी

थ्री फेज रात्री येते, म्हणून उसाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पँट आणि उघड्या अंगाला डास पळवणारं मलम, एवढं तरी करा. कारखान्यांच्या हंगामात टोळ्या कोपीत झोपतात. मुकादमाने उचल देताना जाळ्याही द्याव्यात, असं मला मनापासून वाटतं. गोव्याला किंवा मंगळूरला गवंडीकामाला जाणाऱ्यांनी बांधकामावर झोपताना आपली जाळी बरोबर न्यावी.

डास मरत नाहीत असं दिसलं तर

एक-दोन डास जिवंत दिसले म्हणून निष्कर्ष काढू नका. खरी तपासणी प्रशिक्षित माणसं करतात: डास नळीतल्या औषधी कागदाशी एक तास ठेवायचे आणि 24 तासांनी किती मेले ते मोजायचं. 98 टक्के किंवा जास्त मेले तर औषध लागू पडतं, 90 पेक्षा कमी मेले तर ते डास दाद देत नाहीत. तुमचं काम एवढंच: कोणत्या वाडीत, कोणत्या महिन्यापासून, कोणती जाळी, किती जुनी, हे वहीत लिहून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्य निरीक्षकांना कळवा. वाडीतल्या दहा-बारा घरांची नोंद एकत्र दिली तर तिकडे लक्ष जातं.

ताप आला तर

थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, आणि किटवर पंधरा-वीस मिनिटांत कळतं. गोव्याहून परतलेला असाल तर ते आधी सांगा. हिवतापाचे दोन मुख्य प्रकार, व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम. व्हायव्हॅक्स निघाला तर साधारणपणे तीन दिवस क्लोरोक्विन आणि 14 दिवस प्रायमाक्विन देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि पुष्कळ जण गोळ्या थांबवतात. यकृतात दडलेले जंतू मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत, म्हणून गोळ्या डॉक्टरांनी ठरवून दिल्याशिवाय वाटून घेऊ नका. फाल्सिपेरमचा ताप मेंदूवर जाऊ शकतो. गुंगी, झटके, लघवी काळपट होणं यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या. रुग्णाला पहिल्या रात्रीपासून जाळीत झोपवा, म्हणजे त्याला चावलेला डास पुढे शेजारच्या घरात रोग नेणार नाही.