घरच्या कामासाठी छोटं मिलिंग मशीन घेताय? या चुका टाळा

मिलिंग मशीनच्या (फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या मशीनच्या) माहितीपत्रकात दोन आकडे ठळक छापलेले असतात: मोटर किती वॅटची आणि टेबल किती लांब. पहिलं मशीन घेताना मीही त्याच दोन आकड्यांवर कितीतरी संध्याकाळी घालवल्या. पुढे वर्षभर ज्या आकड्याने मला अडवलं, तो त्याच पानावर खाली बारीक अक्षरात होता: स्पिंडलच्या (कटर धरून फिरणाऱ्या दांड्याच्या) तोंडापासून टेबलापर्यंतचं जास्तीत जास्त अंतर.

हा हिशोब कागदावर मांडूनच बघा. समजा, हे अंतर २८० मिलिमीटर आहे. ऐकायला भरपूर वाटतं. आता टेबलावर व्हाइस (काम पकडणारा शिकंजा) ठेवा. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, जिथे टेकतो तिथपर्यंत साधारण ६५ मिमी गेले. वर १३ मिमीचा ड्रिल चक लावला की अंदाजे ९५ मिमी जातात. त्यात नेहमीच्या लांबीचा १० मिमीचा ड्रिल बिट धरला तर तो ९५ मिमी तरी बाहेर राहतो. उरले २५ मिमी, आणि त्यातच जॉब बसवायचा! व्हाइसखाली फिरता बेस असेल तर तेवढेही उरत नाहीत. म्हणून घेण्याआधी आपला सगळ्यात उंच जॉब, आपला व्हाइस आणि आपला सगळ्यात मोठा ड्रिल बिट यांची बेरीज करा. मशीन आधीच घरात आलं असेल तर फिरता बेस काढून ठेवा, आखूड ड्रिल बिट वापरा आणि चकऐवजी कोलेटमध्ये (हत्यारावर आवळणाऱ्या चिरलेल्या नळीत) धरा. बरीच जागा सुटते.

टेबलाची लांबीही अशीच फसवी. टेबल ४०० मिमीचं असलं तरी ते कटरखाली तेवढं सरकत नाही. प्रवास किती, हे वेगळं विचारा, आणि तेही दोन्ही दिशांनी.

गोल कॉलमच्या, म्हणजे मोटर आणि स्पिंडलचं हेड गोल खांबावर बसवलेल्या, मशीनवर उंचीचा प्रश्न आणखी वेगळ्या तऱ्हेने छळतो. मला एका ब्रॅकेटमध्ये अचूक जागी भोक पाडून लगेच रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवायचा होता. रीमर लांब, म्हणून हेड सैल करून वर घेतलं. गोल खांबावर हेड वर जाताना किंचित फिरतंच, आणि तासभर खपून शोधलेलं केंद्र गेलं. ब्रॅकेट वाया गेला. चौकोनी, डव्हटेल (तिरक्या कडांच्या सरकपट्टीच्या) कॉलममध्ये हेड सरळ रेषेत वरखाली होतं, जागा हलत नाही. गोल कॉलमची मशीन बहुधा जड आणि दणकट असतात, हे खरं. पण एकाच भोकावर दोन-तीन हत्यारं फिरवायची असतील तर डव्हटेलच घ्या, असं मी ठामपणे सांगेन.

आता ताठपणाबद्दल. कटर धातूला ढकलतो तितक्याच जोराने धातू कटरला ढकलतो, आणि तो जोर मशीनच्या सांगाड्याला झेलावा लागतो. माहितीपत्रकातल्या सगळ्या आकड्यांत याचा अंदाज देणारा एकच आहे, तो म्हणजे वजन. पन्नास-साठ किलोच्या मशीनवर स्टीलमध्ये १० मिमीचा कटर हलक्या कटानेच चालवावा लागतो. मोटर मोठी असली म्हणून कट मोठा घेता येत नाही, मशीन थरथरायला लागतं. प्रत्यक्ष मशीन समोर असेल तर टेबलावर डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) उभा करा, टोक स्पिंडलला टेकवा आणि हेडला हाताने मागे ढकला. सोडल्यावर काटा शून्यावर परत आला तर ती सांगाड्याची लवचिकता, ती तुम्हाला फारशी बदलता येणार नाही. काटा परत आलाच नाही तर तो ढिलेपणा; गिबचे (सरकत्या भागांमधली फट भरणाऱ्या पट्टीचे) स्क्रू नीट बसवून तो कमी होतो. दोन्हीतला फरक पाच मिनिटांत कळतो.

ज्यांना वाटतं की ड्रिल मशीनखाली दोन दिशांना सरकणारा व्हाइस लावला की मिलिंग होईल, त्यांना कळकळीची विनंती: करू नका. ड्रिल मशीनचा चक निव्वळ टेपरच्या (निमुळत्या शंकूच्या) घर्षणावर अडकलेला असतो, मागून खेचून धरणारा ड्रॉबार नसतो. बाजूने जोर आणि थरथर मिळाली की चालू चक निसटून खाली येऊ शकतो. खऱ्या मिलिंग मशीनवरही एंड मिल (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) ड्रिल चकमध्ये धरू नये. चकचे तीन जबडे त्याला नीट पकडत नाहीत, कटर हळूहळू खाली सरकतो आणि खाच एका टोकाला खोल होते. अशी खाच दिसली तर आधी कटरची पकड तपासा. मग हेड कुलूपबंद केलं होतं का, ते आठवा.

स्पिंडलचा टेपर आर८ की मोर्स (हे त्याचे दोन प्रकार), यात मी आर८च्या बाजूने आहे. तो ड्रॉबार सैल करून हलका ठोका दिला की सुटतो. मोर्स टेपर स्वतःच घट्ट धरून बसतो, आणि गरम स्पिंडलमध्ये थंड हत्यार आवळून तसंच सोडलं तर नंतर काढताना बेअरिंगवर हातोडीचे घाव बसतात. मोर्सवालं मशीन असेल तर ईआर२५चा (हे कोलेटचं एक प्रमाण माप) कोलेट चक एकदाच बसवून ठेवा. त्यात १ ते १६ मिमीची हत्यारं धरता येतात. तो चकही उंची खातो, म्हणून वरच्या बेरजेत तो धरायला विसरू नका.

वेगाचं गणित बहुतेक जण मशीन आल्यावर करतात. माइल्ड स्टीलसाठी हायस्पीड स्टीलच्या कटरची धार मिनिटाला साधारण २५ मीटर चालावी. म्हणजे १० मिमीच्या कटरला मिनिटाला ८०० फेरे, तर ५० मिमीच्या फ्लाय कटरला (एका धारेने रुंद पृष्ठभाग सपाट करणाऱ्या कटरला) फक्त १६०. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या लहान डीसी मोटरची ताकद नेमकी अशा कमी फेऱ्यांवर घसरते. म्हणून गिअरची किंवा पट्ट्याची दोन टप्प्यांची रचना आहे का, ते बघा. काही लहान मशीनमध्ये गिअर प्लास्टिकचे असतात आणि कटर अडकला की तेच आधी तुटतात. एक जोडी सुटी घेऊन ठेवा.

टेबल सरकवणाऱ्या हँडलवरचा डायलही तपासा. इंचाच्या काही मशीनवर स्क्रू १.५ मिमी पिचचा (एका फेऱ्यात टेबल तेवढं सरकतं) आणि डायलवर ६० थाउ (इंचाचे हजारावे भाग) अशी जोडी आढळते. ६० थाउ म्हणजे १.५२४ मिमी. एका फेऱ्यात चूक ०.०२४ मिमीची, दहा फेऱ्यांत जवळजवळ पाव मिलिमीटर! जॉब दरवेळी थोडा आखूड येतो आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

माप पुढे जाताना बरोबर आणि उलट फिरताना चुकत असेल तर तो बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली मोकळीक. नेहमी एकाच दिशेने येऊन मापावर थांबा. बॅकलॅश असताना कटरच्या फिरण्याच्या दिशेने जॉब सरकवू नका. कटर टेबलाला एकदम ओढून घेतो आणि दात तुटतात. न सरकणारे अक्ष दर कटाआधी आवळा.

फ्लाय कटरने घेतलेला पृष्ठभागही बोलतो. टेबल लांबीत सरकवल्यावर पट्टा मधे किंचित खोलगट आला तर हेड डावी-उजवीकडे कललं आहे. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये पायरी पडली तर कॉलम पुढे-मागे झुकलाय, आणि त्यासाठी बहुधा कॉलमच्या बुडाशी पातळ शिम (पत्र्याची पट्टी) घालावी लागते.

कोलेट, व्हाइस, क्लॅम्प, पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या समान उंचीच्या पट्ट्या), डायल गेज यांसाठी मशीनच्या किमतीइतकी रक्कम बाजूला ठेवा.

जुनं मशीन बघायला गेलात तर टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवून बघा. मधे सैल आणि टोकांना जड लागलं तर झीज मधल्या भागात आहे. तिथे गिब आवळला की टेबल टोकाला अडकतं, टोकाला मोकळं केलं की मधे डुलतं.