शब्द नसलेलं चित्रांचं पुस्तक घरी कसं करायचं (आणि खिडकी कुठे कापायची)

दोन ते पाच वर्षांच्या पोरांना जगातली गाजलेली चित्रं दाखवायची असतील तर पुस्तक घरीच करा. मी इथे सोलापुरात भाचरांसाठी आणि शेजारच्या पोरांसाठी सात-आठ तरी केलीत. चित्रं सहाच घ्या. बारा-पंधरा घ्या म्हणतात ते चुकीचं आहे, पाचव्या-सहाव्यानंतर पोरं उठतातच.

मोठ्या साईजचे फोटो म्युझियमच्या साईटवर फुकट मिळतात, जपानी चित्रकार होकुसाईचं लाटेचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमकडे आहे, व्हॅन गॉगचं झोपायच्या खोलीचं चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे. ए-फोर कलर प्रिंट, मॅट कागद, ग्लॉसी नको कारण ट्यूबलाईट चमकते. स्पायरल बाइंडिंग.

आता खिडकी. प्रत्येक चित्राच्या आधी एक कोरं पान, त्याला एक भोक, त्यातून चित्राचा छोटासा तुकडा दिसतो, पोर अंदाज लावतं आणि पान उलटतं. यातच मी अडकले होते. पहिल्या पुस्तकात खिडक्याच नव्हत्या, भाचीने मिनिटभरात पुस्तक संपवलं. दुसऱ्यात मी मोठ्या माणसांना महत्त्वाचं वाटतं तेच दाखवलं, म्हणजे व्हॅन गॉगच्या १८८९ च्या ताऱ्यांच्या रात्रीच्या चित्रातला चंद्र. तिने चंद्र ओळखला, पान उलटलं, पुढे गेली. मला वाटलं अजून लहान आहे, पण चूक खिडकीची होती. जे पूर्ण दिसतं त्याच्यामागे पोर जात नाही, खिडकीत अर्धवट काहीतरी पाहिजे, कुणाचा तरी हात, पाय, काहीतरी चाललंय असं.

ब्रूगेल या जुन्या चित्रकाराचं १५६० चं 'मुलांचे खेळ' घ्याच, त्यात दोनशेच्या वर पोरं खेळतायत. मी दहाच्या नाण्याएवढी खिडकी डाव्या खालच्या कोपऱ्यात कापली, जिथे दोघी हाडांचे तुकडे उडवून झेलतायत. मागे बसलेली आमची आई लगेच म्हणाली, अगं हे तर सागरगोटे! मग दोघी आजी-नात आंधळी कोशिंबीर, चाक पळवणारी पोरं, पिंपावर बसलेले असं शोधत अर्धा तास बसल्या.

खिडकी बाइंडिंगनंतरच कापा, आधी कापली तर पान सरकतं आणि भलताच तुकडा दिसतो, माझी दोन पुस्तकं अशीच वाया गेली. पान पांढरं पातळ घ्या, दोन्ही पानं दिवसा खिडकीच्या काचेला धरून पेन्सिलने खूण करा, मग मागे पुठ्ठा ठेवून कटर. काळा कार्डशीट छान दिसतो पण त्यातून आरपार दिसत नाही, नका घेऊ.

आणि दाखवताना गप्प बसा!! हे काय, ते कुठलं, कुणी काढलं, असले प्रश्न सुरू झाले की पोराला परीक्षा वाटते. ताऱ्यांच्या रात्रीचं पूर्ण पान उघडल्यावर भाचा ओरडला, होम मैदानावरचं दारूकाम! आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत त्याने तेच पाहिलं होतं, आकाशात गोल गोल उजेड. होकुसाईच्या लाटेमागचा फुजी डोंगर त्याला अजूनही छोटी लाटच वाटतो. मी दुरुस्त करत नाही, एक दिवस त्यालाच दिसेल.

चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्या पंढरपूरचे म्हणून त्यांची चित्रं घालावीशी वाटतात, पण ते २०११ ला गेले आणि आपल्याकडे कॉपीराईट मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, म्हणून लोकांना वाटायच्या प्रतीत नको. राजा रवि वर्मा १९०६ ला गेले, ते चालतात. चित्रकारांची नावं मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला बारीक लिहून ठेवा, पोराने विचारलं तरच उघडायचं.