आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा: लोकप्रिय दावे तपासताना या चुका टाळा

नागपुरातल्या बर्डीच्या पानठेल्यापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत जे दावे फिरतात, त्यांतले बरेचसे आकडे खोटे नसतात. कुठल्या तरी सरकारी अहवालातूनच ते उचललेले असतात. घोळ होतो तो आकड्याची व्याख्या काय आणि त्याला भागलं कशाने, इथे. म्हणून "हा आकडाच खोटा" असं म्हणत वादात उतरणारा हरतो. समोरचा अहवालाचं पान काढून दाखवतो आणि विषय तिथेच मिटतो.

छेद न पाहता दर मान्य करणं

एनसीआरबीचा म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल आला की "नागपूर ही गुन्ह्यांची राजधानी" हे वाक्य पुन्हा डोकं वर काढतं. वीस लाखांवर वस्तीच्या शहरांचे तक्ते या अहवालात वेगळे असतात. त्यांत आधी लोकसंख्येचा रकाना बघा. तिथे २०११ च्या जनगणनेची संख्या असते, नागपूरसाठी सुमारे २५ लाख. म्हणजे गुन्हे ताजे आणि माणसं २०११ ची. समजा वर्षात १०० खून नोंदले गेले, तर दर लाखामागे ४ येतो. शहराची वस्ती ३० लाख धरली, तर तेच १०० खून ३.३ वर येतात. बेसा-बेलतरोडीकडे नंतर उभ्या राहिलेल्या वस्त्यांमधले गुन्हे मोजले जातात, तिथे राहायला आलेली माणसं मात्र मोजली जात नाहीत.

हा दोष एकट्या नागपूरच्या वाट्याला आलेला नाही. जे शहर जास्त वेगाने वाढलं, त्याचा दर जास्त फुगतो. त्यामुळे शहराशहरांची क्रमवारी कच्च्या पायावर उभी असते. शहराच्या दराची राज्याच्या दराशी तुलनाही करू नका, कारण राज्यांसाठी त्याच अहवालात चालू वर्षाची अंदाजित लोकसंख्या वापरतात.

मग बघायचं काय? एकाच शहराचे पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडा आणि त्यातही खुनाचे घ्या. मृतदेह लपवणं अवघड असतं, त्यामुळे खुनाची नोंद सहसा चुकत नाही. चोरी, मारहाण, विनयभंग यांचे आकडे ठाण्यात तक्रार घेतली जाते की नाही यावरही ठरतात. ठाणेदाराने प्रत्येक तक्रार नोंदवायला सुरुवात केली की कागदावर गुन्हे वाढतात, आणि खरं तर ही चांगली गोष्ट असते. गुन्हे वाढणं आणि नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा खुद्द एनसीआरबीच देते. बातमीत तो क्वचितच छापला जातो.

"कुठला खर्च?" हे न विचारता एकाला खोटं पाडणं

"खर्चाच्या दीडपट हमीभाव दिला" हे सरकारचं म्हणणं, "कुठे दिला?" हा शेतकरी संघटनांचा सवाल. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा उत्पादन खर्च ५,१४० रुपये क्विंटल धरला आणि हमीभाव ७,७१० जाहीर झाला. गुणून बघा, बरोबर दीडपट येतं. पण हा खर्च 'ए-टू अधिक एफएल' या व्याख्येतला आहे. त्यात बियाणं, खत, फवारणी, डिझेल, रोजंदारी आणि घरच्यांच्या राबण्याची मजुरी धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंड म्हणजे भाडं आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचं व्याज त्यात नसतं. ते धरलं की खर्च 'सी-टू' होतो आणि दीडपट भरत नाही. कुठली व्याख्या न्याय्य, यावर भांडण होऊ शकतं आणि ते व्हायलाही हवं. पण भाव ठरवताना कुठली वापरली, हे तपासून सांगता येतं. वादाची सुरुवात तिथून करा.

दुसरी गफलत जाहीर भाव आणि हातात पडलेला भाव एकच समजण्याची. लांब धाग्याचा २०२५-२६ चा ८,११० हा भाव ८ टक्के ओलाव्यासाठी आहे. त्याच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कापला जातो. म्हणजे १२ टक्के ओलाव्याच्या कापसाला ७,७८५ रुपये ६० पैसे. त्याहून ओला कापूस सीसीआयच्या म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर घेतच नाहीत आणि तो व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात द्यावा लागतो. पहिल्या वेचणीचा, दवात भिजलेला कापूस नेमका यात सापडतो. म्हणून "शेतकऱ्याला ८,११० मिळतात" असं वाक्य दिसलं की ओलावा किती, खरेदी कोणाची आणि केंद्र कधी उघडलं, हे विचारा.

एकच आकडा धरून बसणं

बेरोजगारी ३.२ टक्के, ४.९ टक्के आणि १०.२ टक्के. तिन्ही आकडे २०२३-२४ च्या एकाच सरकारी श्रमबल सर्वेक्षणातले आहेत. पहिला वर्षभराच्या स्थितीवरून, दुसरा मागच्या सात दिवसांवरून आणि तिसरा १५ ते २९ वयाच्या तरुणांचा. सात दिवसांच्या मोजणीत आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरतात, आणि घरच्या दुकानात बिनपगारी बसणारा मुलगा तर तिन्हींत रोजगारात धरला जातो. प्रचारात ज्याला जो सोयीचा, तो तेवढाच उचलतो.

महागाईचं थोडक्यात: दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नाही, भाव वाढण्याचा वेग कमी झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यांवर आली, तरी सगळा मिळून बाजार वर्षापूर्वीपेक्षा किंचित महागच होता.

आपल्या बाजूचा आकडा न तपासणं

नागपुरात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. विदर्भाचा अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत विकासात राहिलेली कसर भरायला लागणारा पैसा, दांडेकर समितीने १९८४ मध्ये सुमारे १,२४६ कोटी सांगितला. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवर तो ६,६२४ कोटी काढला. यावरून "दहा वर्षांत अनुशेष पाचपट" असं बेधडक सांगितलं जातं. पण दहा वर्षांत रुपयाची किंमत घसरली, बांधकामाचे दर वाढले, म्हणून निव्वळ कोटींची तुलना टिकत नाही. विरोधक एवढ्याच मुद्द्यावर अनुशेष भरून काढण्याची सगळी मागणी उडवून लावतो.

ती उडू द्यायचं कारण नाही. दोन्ही वेळच्या राज्याच्या एकूण अनुशेषातला विदर्भाचा वाटा काढा. पहिल्या वेळी एकूण सुमारे ३,१८७ कोटी, म्हणजे विदर्भ ३९ टक्के. दुसऱ्या वेळी एकूण सुमारे १४,००७ कोटी, म्हणजे ४७ टक्के. महागाईने दोन्ही रकमा फुगतात, वाटा त्यामुळे फुगत नाही. तक्रारीत दम आहे, पण तो या टक्क्यांत आहे. निवेदनात, भाषणात किंवा पोस्टमध्ये "पाचपट" खोडा आणि त्या जागी ३९ वरून ४७ लिहा. सोबत दोन्ही समित्यांची नावं आणि वर्षं द्या, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला स्वतः पडताळून बघता येईल.