दाढदुखीचा पेशंट आणि नवा जनरल प्रॅक्टिशनर

पुण्यात नव्याने दवाखाना थाटणाऱ्या डॉक्टरकडे दाढदुखीचे पेशंट पहिल्या आठवड्यापासून येऊ लागतात, कारण रात्री उशिरा दंतवैद्याचे दार बंद असते आणि आपले उघडे असते. एम.बी.बी.एस.ला हा विषय ओझरताच होतो, त्यामुळे हात आपोआप अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिककडे वळतो आणि फसगत तेथेच सुरू होते.

हडपसरच्या माझ्या दवाखान्यात काही पेशंट गार पाण्याची बाटली घेऊन बसलेले असतात. घोट दाढेवर धरला की बरे वाटते, पाणी तोंडात कोमट झाले की कळ पुन्हा मस्तकात जाते. असा पेशंट दिसला की दाताच्या नसेची सूज आता मागे फिरणार नाही, असे बहुधा समजावे. ती सूज दाताच्या कठीण कवचात कोंडलेली असते आणि अँटिबायोटिकने ती वेदना कमी होत नाही. तरीही आपण गोळ्या लिहितो, काही दिवसांत कळ थांबते, पेशंट ‘मॅडम, तुमच्या गोळीने गुण आला’ म्हणतो आणि आपलाही तसा समज होतो. प्रत्यक्षात अनेकदा नस मेलेली असते. मेलेल्या नसेला कळ येत नाही, पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच माणूस सुजलेला गाल घेऊन येतो. दुखणे थांबल्यामुळे दंतवैद्याकडे जाण्याची गरजच त्याला उरलेली नसते. म्हणून पहिल्याच भेटीत त्याला स्पष्ट सांगावे की कळ थांबली तरी दाढ बरी झालेली नाही, रूट कॅनल करावे लागेल किंवा दाढ काढावी लागेल.

वेदनेसाठी एरवी निरोगी असलेल्या प्रौढाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम एकत्र द्यावे, पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या आत ठेवावे. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा, गरोदरपण आणि रक्त पातळ करणारी औषधे यांची चौकशी आधी करावी. पावसाळ्यात ताप असेल, तर डेंग्यूची शंका फिटेपर्यंत आयबुप्रोफेन टाळावे. खालच्या जबड्यातील दुखणे चालताना वाढत असेल आणि दाढ ठोकून दुखत नसेल, तर ई.सी.जी. काढल्याशिवाय पेशंटला सोडू नये.

अँटिबायोटिक लागते ते ताप, पसरणारी सूज, गळ्यातील दुखऱ्या गाठी किंवा आवाक्याबाहेरचा मधुमेह असेल तेव्हा, आणि तेव्हाही पू काढण्याला ते पर्याय नसते. मेट्रोनिडाझोल हे दुसरे अँटिबायोटिक जोडताना दारू आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध यांविषयी विचारायलाच हवे. काही ज्येष्ठ मंडळी डेक्साचे (डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे) इंजेक्शन टोचून पेशंटला घरी पाठवण्याचा सल्ला देतात. तो मुळीच ऐकू नये, कारण सूज दबते आणि संसर्ग आतल्या आत पसरू शकतो.

खालच्या मागच्या दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूच्या जोडणीच्याही खाली पोहोचतात, त्यामुळे तेथील पू थेट जबड्याखाली उतरू शकतो. जीभ वर उचलली गेली असेल, लाळ गिळता येत नसेल, आवाज जड झाला असेल किंवा तोंड दोन बोटेही उघडत नसेल, तर तेथे आपली प्रॅक्टिस संपली. श्वासमार्ग बंद होऊ शकतो, म्हणून मध्यरात्र असली तरी अशा पेशंटला त्याच क्षणी ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात रवाना करावे.

मात्र धास्तावून जाऊ नका, बहुतेक पेशंटना योग्य गोळी आणि दंतवैद्याच्या नावे योग्य चिठ्ठी एवढेच लागते. जवळच्या दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी काही दुपारी उभे राहिलात, तर कोणत्याही कार्यशाळेपेक्षा अधिक शिकाल, असे माझे ठाम मत आहे. खर्चामुळे टाळाटाळ करणाऱ्यांना धनकवडीच्या भारती विद्यापीठासारख्या दंत महाविद्यालयाची वाट दाखवावी. चिठ्ठीवर कोणती दाढ, तोंड किती उघडते, रक्तातील साखर आणि दिलेली औषधे लिहावीत, आणि पेशंट तेथे पोहोचला का, हे दुसऱ्या दिवशी फोन करून विचारावे.